रायफलीचा चाप बदलताना

हा विषय आपल्या अंकात कशाला, असे निम्मे वाचक तरी विचारतील याची आम्हाला कल्पना आहे. संक्रांतीचे हळदीकुंकू आणि मुलांच्या मराठी शाळेचे वेळापत्रक यांच्या शेजारी बंदुकीच्या चापावरचा लेख जरा परकाच दिसतो. पण आपण राहतो ते पेन्सिल्व्हेनिया. इथे थँक्सगिव्हिंग झाले की हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. पूर्वी तो सोमवारी उघडायचा आणि त्या दिवशी कितीतरी शाळांना सुट्टी असायची. २०१९ पासून तो शनिवारी सुरू होऊ लागला. इथे वाढलेली आपली मुले हे सगळे बघत मोठी होतात आणि एक दिवस म्हणतात, "बाबा, मलाही शिकायचंय." अशा रीतीने आपल्या मंडळातल्या तीन-चार घरांत आता रायफल आलेली आहे.

शिकार करावी की करू नये, हा वाद इथे घालायचा नाही. तो प्रत्येकाने आपापल्या घरी, शक्य तर आजी झोपल्यावर, घालावा. आमचे म्हणणे एवढेच, की रायफल घरात आली असेल तर तिचा चाप कसला आहे, तो किती वजनाला सुटतो आणि कधी बदलायला हवा, हे त्या घराला ठाऊक पाहिजे. आम्ही म्हणजे शनिवारी सकाळी रेंजवर जाणारे मंडळातले चौघे. गेल्या वर्षभरात दोन रायफलींचे चाप बदलण्याचा विचार झाला, त्यातला एक बदललाही. त्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि मोजून पाहिले ते इथे देत आहोत.

चाप दाबला की काय होते?

बोल्ट-ॲक्शन रायफलीत प्रत्येक गोळीनंतर बोल्टची मूठ हाताने उचलून, मागे ओढून पुन्हा पुढे लोटावी लागते. या खटाटोपात फायरिंग पिनची जबरदस्त स्प्रिंग दाबली जाते आणि पिन मागे अडकून राहते. तिला अडवून धरणारा जो पोलादी तुकडा असतो त्याला सिअर म्हणतात. सिअरला खालून टेकू असतो तो चापाचा. आपण चाप दाबला की टेकू निघतो, सिअर खाली जातो, पिन सुटते आणि काडतुसाच्या बुडावर आदळते.

म्हणजे सगळा भार शेवटी दोन पोलादी कडांच्या टेकूवर आहे. एकमेकींवर टेकलेला त्यांचा भाग अगदी अरुंद असतो. तो आणखी कमी केला तर चाप हलका आणि झटपट सुटतो, पण तेवढाच बेभरवशाचा होतो. भाग जास्त ठेवला तर चाप दाबताना तो खरखरत सरकत राहतो आणि नेमका कधी सुटणार ते बोटाला कळत नाही. या सरकण्याला इथले लोक क्रीप म्हणतात. चाप निवडणे म्हणजे या दोन टोकांमधली आपली जागा निवडणे.

रेमिंग्टन ७०० ची हकिकत

जुन्या बाजारात आपल्या लोकांना सर्वांत सहज मिळणारी रायफल म्हणजे रेमिंग्टन ७००. ही १९६२ साली आली. तिचा चाप मात्र त्याहून जुना, १९४८ च्या ७२१ या मॉडेलपासून चालत आलेला. माइक वॉकर या अभियंत्याची ती रचना म्हणून त्याला वॉकर चाप म्हणतात. त्या काळच्या मानाने तो फार उत्तम समजला जाई.

या चापात एक वेगळेपण होते. चाप आणि सिअर यांच्यामध्ये कनेक्टर नावाची एक सुटी पट्टी होती. ती चापाला पक्की जोडलेली नव्हती, नुसती स्प्रिंगच्या दाबाने चिकटून असे. गोळी सुटताना पट्टी आणि चाप यांच्यात क्षणभर फट पडते. त्या फटीत कचरा, घट्ट झालेले तेल किंवा गोठलेले पाणी शिरले तर पट्टी पूर्ण जागेवर परतत नाही, असा या चापावरचा मुख्य आक्षेप होता. सेफ्टी लावलेली असताना सिअर वर उचलून धरलेला असतो, म्हणून काही बिघडत नाही. पण सेफ्टी काढली की सिअर पट्टीवर येऊन टेकायला हवा. पट्टीच जागेवर नसेल तर टेकायला काही नाही, आणि बोट चापाला न लावताही गोळी सुटू शकते.

त्यातून १९८२ पर्यंत या रायफलीत आणखी एक अडचण होती. सेफ्टी लावली की बोल्टही अडकून राही. म्हणजे रायफल रिकामी करायची तर आधी सेफ्टी काढणे भाग. २००० साली मोंटानामध्ये शिकारीहून परतलेल्या एका कुटुंबात आई रायफल रिकामी करत होती. तिने सेफ्टी काढताच गोळी सुटली आणि घोड्यांच्या ट्रेलरमधून आरपार जाऊन पलीकडे असलेल्या तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला लागली. मुलगा गेला. चापाला बोट लागले नव्हते, असे कुटुंबाचे म्हणणे. २०१० साली सीएनबीसी वाहिनीने या चापावर तासाभराचा कार्यक्रम केला. खुद्द वॉकर यांनीच १९४८ मध्ये सुधारणा सुचवली होती आणि तिचा खर्च रायफलीमागे साडेपाच सेंट येणार होता, हे त्या कार्यक्रमात बाहेर आले. कंपनीने मात्र रचनेत दोष असल्याचे मान्य केले नाही. अपघात हलगर्जीपणामुळे, निगा न राखल्यामुळे किंवा चापाशी खेळ केल्यामुळे होतात, अशी तिची भूमिका राहिली.

२००६ पासून कंपनीने एक्स-मार्क प्रो नावाचा नवा चाप आणला. पण २०१४ च्या एप्रिलमध्ये तोही परत बोलावावा लागला, कारण जोडणीच्या वेळी वापरलेला चिकट द्रव काही चापांत जास्त झाला होता. १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळातल्या रायफली त्यात येतात. ओळखायची खूण सोपी आहे: जुन्या चापाच्या तोंडावर उभ्या रेघा असतात, एक्स-मार्क प्रोचे तोंड गुळगुळीत असते. पुढे २०१७ साली न्यायालयाने एका सामूहिक दाव्यातली तडजोड मंजूर केली आणि लाखो रायफलींना चाप फुकट बदलून मिळण्याची सोय झाली. त्या सोयीची मुदत २०२० मध्ये संपली. त्याच वर्षी जुनी कंपनी दिवाळखोरीत जाऊन तिचे भाग निरनिराळ्या कंपन्यांनी विकत घेतले.

हे सगळे एवढ्या विस्ताराने सांगायचे कारण असे, की गराज सेलला किंवा निवृत्त शेजाऱ्याकडून स्वस्तात मिळालेल्या ७०० मध्ये आजही जुना चाप असू शकतो. आधीच्या मालकाने तो बदलून घेतला नसेल, तर आता तो बदलणे आपल्या खर्चावर आणि आपल्या अंगावर आहे.

आधी हे पाहा: बदलायला हवा का?

चाप बदलण्याची चांगली कारणे दोनच. एक, आहे त्या चापाचा भरवसा नाही. दोन, तो इतका जड किंवा खरखरीत आहे की दाबताना रायफलच हलते. "रेंजवरच्या सगळ्यांनी बदललाय" हे तिसरे कारण आम्ही धरत नाही.

जडपणाचे गणित असे. शिकारीची रायफल दुर्बिणीसकट सात-आठ पौंडांची असते. चाप सुटायला सहा-सात पौंड लागत असतील, तर रायफलीच्या वजनाएवढ्याच जोराने आपण तिला खेचत असतो. मग नेम स्थिर कसा राहणार? कोर्टकचेऱ्यांच्या धास्तीने इथल्या कारखान्यांनी वर्षानुवर्षे चाप मुद्दाम जड ठेवले. २००२ मध्ये सॅव्हेज कंपनीने ॲक्युट्रिगर आणला. त्यात चापाच्या मध्ये एक पातळ पाते असते. ते आधी दाबले गेले नाही तर सिअर अडवला जातो, त्यामुळे चाप हलका ठेवूनही धोका वाढत नाही. मग इतर कंपन्याही सुधारल्या. टिक्का टी-३ एक्स सारख्या रायफलीचा चाप कारखान्यातूनच दोन ते चार पौंडांत एका स्क्रूने लावता येतो. अशी नवी रायफल असेल तर नवा चाप घेऊ नका. ते पैसे काडतुसांवर आणि सरावावर खर्च करा.

आमच्यातल्या एकाच्या जुन्या रायफलीचा चाप साडेसहा पौंड भरला. कंपनीचे नाव सांगत नाही. पण आतले तेल वाळून अक्षरशः राळ झाली होती. नीट साफ केल्यावर तो पाचाच्या खाली आला आणि खरखरही गेली. तो चाप बदलायचा विचार तिथेच सोडला.

जुन्या चापाचे स्क्रू घरच्या घरी पिळून तो हलका करणे मात्र टाळा. वॉकर चापाला तीन स्क्रू असतात: एक वजनाचा, एक टेकूच्या खोलीचा, एक सुटल्यानंतरच्या चालीचा. तिसरा समजून दुसरा फिरवला की टेकू केसावर येतो. सेकंडहॅंड रायफलीत आधीच्या मालकाने हा उद्योग केला आहे की नाही, हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

किती पौंड?

इथेच सगळे वाद होतात. आमच्यातही झाला.

२०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल तीन पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या स्पर्धेतल्या रायफलींचे चाप शंभर-दीडशे ग्रॅमच्या घरातही असतात. मग आपण दीड किलोचा का ठेवायचा, असा प्रश्न आमच्यातल्या एकाने केला, आणि प्रश्न बरोबर होता. उत्तर असे, की स्पर्धेत नळी सतत लक्ष्याकडे असते, पंच मागे उभे असतात, भरलेली रायफल घेऊन कोणी चार पावलेही चालत नाही. शिकारी मात्र भरली रायफल घेऊन पहाटेच्या अंधारात काटेरी झुडपांतून जातो, बर्फावर घसरतो, आणि हातात जाड मोजे असतात. मोज्यातल्या बोटाला एका पौंडाचा चाप लागलेलाही कळत नाही.

हलक्या कानाचा माणूस आणि हलक्या चापाची रायफल, दोघांनाही कुणाच्याही नकळत धक्का लागतो. म्हणून आम्ही असे ठरवले: रेंजवर बाकावर ठेवून मारायची रायफल असेल तर दीड-दोन पौंड चालेल. रानात न्यायची असेल तर अडीचाच्या खाली नको, तीन ते साडेतीन उत्तम. आणि जिच्यावर नवशिका शिकणार आहे तिचा चाप साडेतीनच्या आसपासच असू द्यावा. तीन पौंड म्हणजे सुमारे १३६० ग्रॅम. चाप स्वच्छ सुटत असेल तर हे वजन मुळीच जड वाटत नाही. वजनापेक्षा खरखर जास्त त्रास देते, हे आम्ही चौघांनी आपापल्या बोटांनी पडताळून पाहिले आहे.

बाजारात काय आहे?

रेमिंग्टन ७०० साठी सर्वांत जास्त पर्याय मिळतात. टिमनी ही १९४६ पासूनची कंपनी. तिच्या चापात सुटी पट्टी नाही, टेकूची खोली कारखान्यातच ठरवलेली असते आणि वजन साधारण दीड ते चार पौंडांत लावता येते. कॅनडातल्या ट्रिगरटेक कंपनीने टेकूच्या जागी घासणाऱ्या कडांऐवजी मधे एक बारीक रोलर घातला आहे. घासण्याऐवजी लोळण, त्यामुळे खरखर जवळजवळ नाही. तिचा साधा चापही दीड ते चार पौंडांचा, वरचा मात्र औंसांत मोजायचा. ज्युवेल हा चाप बाकावरून अचूक नेमबाजी करणाऱ्यांचा लाडका. तो फार हलका लागतो, पण इतक्या बारीक चापाला धूळ आणि थंडी यांपासून जपावे लागते. याशिवाय दोन टप्प्यांचे चाप मिळतात. त्यांत आधी थोडी सैल चाल, मग एक भिंत लागल्यासारखी जाणीव, आणि मग सुटका. जुन्या लष्करी माउझरवर हात बसलेल्यांना ते आवडतात. किमती साधारण दीडशे ते तीनशे डॉलरच्या दरम्यान आहेत.

दुकानदाराला विचारायचे प्रश्न चार. टेकूची खोली कारखान्यात पक्की केलेली आहे की मला फिरवता येते? पक्की असलेली बरी. सेफ्टी चाप अडवते, सिअर अडवते की दोन्ही? दोन्ही अडवणारी बरी. कमीत कमी वजन किती? आपल्याला तीन पौंड हवेत तर तीन हा आकडा त्या चापाच्या पट्ट्याच्या मध्यावर यावा, अगदी टोकाला नव्हे. आणि शेवटचा, तो माझ्याच रायफलीच्या मॉडेलसाठी, डाव्या-उजव्या हाताचा बरोबर आहे ना? विंचेस्टर मॉडेल ७० चा चाप ७०० ला बसत नाही. तिची सेफ्टीही वेगळी, थेट फायरिंग पिनलाच धरून ठेवणारी.

बसवणे आणि तपासणे

७०० चा चाप दोन आडव्या पिनांवर असतो. लाकडी दस्ता काढायचा, पिना ठोकून काढायच्या, नवा चाप बसवायचा, बोल्ट सोडणारी कळ आणि तिची स्प्रिंग जागेवर आणायची. ऐकायला सोपे आहे आणि हात सफाईचा असेल तर घरी होतेही. पण ज्याने हे आधी केलेले नाही त्याने गनस्मिथकडे जावे. तास-दीड तासाच्या मजुरीत आपल्याला झोप लागते. दस्ता परत बसवल्यावर चाप किंवा सेफ्टीची कळ लाकडाला कुठे घासत नाही ना, हेही पाहिलेच पाहिजे.

चाप कोणीही बसवो, खालच्या परीक्षा घरधन्याने स्वतः घ्याव्यात. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा, नळी आणि मॅगझिन डोळ्यांनी आणि बोटाने रिकामे असल्याची खात्री करा, नळी सुरक्षित दिशेला धरा.

१. बोल्ट बंद करा, सेफ्टी लावा, चाप जोरात दाबा आणि सोडा. आता बोट बाजूला ठेवून सेफ्टी काढा. पिन पडता कामा नये. मग चाप दाबला की ती पडलीच पाहिजे. हे वीस वेळा करा. मघाशी सांगितलेला जुना धोका नेमका याच परीक्षेत दिसतो.

२. बोल्ट जोराने, दणकून बंद करा. दहा वेळा. पिन पडता कामा नये.

३. दस्त्याचे बूड गालिच्यावर चांगले आपटा, बाजूने रबरी हातोडीने ठोका. सेफ्टी लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे.

४. ताणकाट्याने वजन दहा वेळा मोजा. आकडे एकमेकांजवळ यायला हवेत. दोनदा तीन पौंड आणि एकदा दोन, असे येत असेल तर आत काहीतरी चुकते आहे.

यातली एकही परीक्षा एकदाही हुकली तर रायफल बाहेर काढू नका. आणि चापात तेल ओतू नका. पेन्सिल्व्हेनियाच्या डिसेंबरात ते गोठून घट्ट होते. काढलेला जुना वॉकर चाप दुसऱ्या कुणाला विकू नका, अगदी वीस डॉलर येत असले तरी.

कायद्याचे दोन शब्द

फेडरल कायद्याच्या दृष्टीने बंदूक म्हणजे तिचा रिसीव्हर. चाप हा सुटा भाग, तो टपालाने घरी येतो. राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात, ते पाहून घ्या.

याहून महत्त्वाचे असे: १९९८ पासूनच्या फेडरल कायद्याने एच-१ बी किंवा विद्यार्थी यांसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. ज्याच्याकडे एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना आहे त्याला अपवाद आहे, पण तो परवान्याची मुदत संपली की संपतो. ग्रीनकार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. घरात एक ग्रीनकार्डवाला आणि एक व्हिसावाला असेल तर कपाटाची किल्ली कुणाकडे, हाही प्रश्न येतो. इथे चूक झाली तर दंडावर भागत नाही, देश सोडावा लागू शकतो. तेव्हा आधी वकिलाला विचारा, मग दुकानात जा.

आम्ही काय केले

आमच्यातल्या एकाकडे जुनी ७०० आहे. तिने त्याला आजवर दगा दिलेला नाही. पण या हंगामात त्याची चौदा वर्षांची मुलगी शिक्षण आणि परवाना पुरा करून त्याच्याबरोबर जाणार होती. रायफल दोघांत एकच, आणि दिवस मावळताना ती रिकामी करणारे हात बहुधा तिचेच असणार होते. वडिलांना दीड पौंडाचा चाप हवा होता, कारण कागदावरची भोके जवळ येतात. बाकी तिघे तीनावर अडून बसलो. शेवटी मुलीनेच मोजे घालून रेंजवरच्या ओळखीच्यांचे दोन चाप दाबून पाहिले आणि म्हणाली, "हलका वाला सुटला तेव्हा मला कळलंच नाही." सव्वातीन पौंडांचा, टेकू कारखान्यात पक्का केलेला चाप घेतला. गनस्मिथने बसवला. वरच्या चारही परीक्षा मुलीने स्वतः घेतल्या आणि आकडे वहीत लिहून ठेवले.

ज्यांच्या घरी जुनी रायफल आहे त्यांनी या आठवड्यात तिच्या चापाचे तोंड बघावे, रेघांचे आहे की गुळगुळीत. ताणकाटा आमच्याकडे आहे. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला घेऊन येऊ. रायफल मात्र कार्यक्रमाला आणू नका. काटा घरी न्या, मोजा आणि परत करा.